एका अंड्याचे चार

काकूच्या माळ्यावर चार वर्षं एक खोकं पडून होतं. भिशीचा नंबर लागला तेव्हा तिने त्या पैशांतून १९ लिटरचा ओव्हन घेतला होता. दोनदा त्यात पाव भाजले आणि मग लाइट बिलाच्या धास्तीने ओव्हन परत खोक्यात गेला. मी नवी मुंबईत घणसोलीला त्यांच्याकडे राहायला आले, तेव्हा माझी बॅग ठेवायला माळ्यावर जागा हवी म्हणून ते खोकं खाली उतरवलं. बॅग वर गेली, पण खोक्याला खाली कुठे जागाच नव्हती. शेवटी काकू म्हणाली, "राहू दे ओट्याच्या कडेला. तुला काय करता आलं तर बघ."

मला तेव्हा काहीच करता येत नव्हतं. पण भट्टीचा वास मात्र लहानपणापासून ओळखीचा होता.

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या पाटणला दिवाळीच्या आधी बेकरीतून नानकटाई करून आणतात. विकत आणत नाहीत, करून आणतात. मैदा, रवा, पिठीसाखर, डालडा, वेलची-जायफळ, सगळं घरून न्यायचं आणि नंबर लावून बसायचं. आपला नंबर आला की बेकरीतला माणूस मोठ्या परातीत पीठ मळून देतो, आणि पत्र्यावर गोळे मांडायला घरच्या बायका बसतात. पत्रा भट्टीत गेला की कुणाचा कुठला ते कळावं म्हणून प्रत्येकीची खूण ठरलेली. आई गोळ्याच्या मधोमध एक चारोळी दाबायची. शेजारच्या मावशी काटाचमच्याने दोन रेघा ओढायच्या. मी भट्टीच्या तोंडाशी बसून आपल्या चारोळ्या ओळखायची. पाच किलोच्या खाली कुणी नानकटाई करायचंच नाही. घरात, भावकीत, गल्लीत वाटून उरेल ती पत्र्याच्या डब्यात. त्यामुळे भाजणं म्हणजे डोंगराएवढं करणं, असंच माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

काका वाशीच्या मसाला मार्केटला माथाडी आहेत. आमच्या तालुक्यातून मुंबईला आलेल्या कितीतरी घरांची हीच गोष्ट आहे. अण्णासाहेब पाटलांनी या कामगारांना एकत्र आणलं, १९६९ साली माथाडी कायदा झाला, आणि पुढे कोपरखैरणे-घणसोलीला त्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. त्यामुळे घणसोलीत उतरल्यावर पहिल्याच दिवशी दूधवाल्यापासून खालच्या मजल्यावरच्या आजींपर्यंत सगळे "कुठल्या गावची?" असं आमच्याच बोलीत विचारत होते. घर लहान आहे. एक खोली आणि स्वयंपाकघर. काका, काकू, दहावीतला चुलतभाऊ आणि मी. पण परकं असं काही वाटलं नाही.

परकं वाटलं ते कॉलेजात.

कॉलेज ठाण्याला. घणसोलीहून ट्रान्स हार्बरची लोकल पकडायची. रबाळे, ऐरोली, दिघा गाव, मग खाडीचा पूल, की आलंच ठाणे. पंधरा-वीस मिनिटांचा प्रवास. येताना एका अंगाला पारसिकचा डोंगर दिसत राहतो. जुलैत तो हिरवागार झाला की मला गावाची इतकी आठवण यायची, की मी मुद्दाम त्या बाजूची खिडकी सोडून दुसरीकडे उभी राहायची.

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आमचा वर्ग मोठा होता. बऱ्याच जणी त्याच कॉलेजातून बारावी झालेल्या, त्यांचे घोळके आधीच ठरलेले. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, क्रेडिट हे शब्द त्या सहज बोलायच्या. मी घरी येऊन वहीत लिहून काढायची. फॉर्म कुठल्या लिंकवर भरायचा, कुठला विषय घेतला तर कुठल्या लेक्चरची वेळ आदळते, ७५ टक्के हजेरीत प्रॅक्टिकल वेगळं धरतात का, असे प्रश्न रोजचे. विचारायला तोंड उघडलं की माझं "हाय-न्हाय" बाहेर यायचं आणि समोरची क्षणभर थबकायची. कुणी हसलं नाही, हे मी खरं सांगते. पण ते थबकणं मला पुरेसं होतं. मी बोलणंच कमी केलं. पहिला महिनाभर प्रयोगशाळेबाहेरच्या जिन्यात बसून एकटीने डबा खाल्ला.

आषाढात एका रविवारी धो धो पाऊस लागला होता. काका घरीच होते. मोबाइलवर कपकेकची एक कृती सापडली, बारा नगांची. ओव्हनच्या पत्र्यात एका वेळी सहाच मावत होते, म्हणून सगळं निम्मं करायला घेतलं. कृतीत अंडी तीन. निम्मी म्हणजे दीड. अर्धं अंडं कसं घ्यायचं ते सुचेना, म्हणून दोन टाकली. वाटीने मैदा मोजला, तो दाबून भरला. फ्रिजमधलं पावाला लावायचं खारं बटर तसंच घट्ट टाकलं. गुठळ्या मोडेपर्यंत घोटत बसले, भाकरीचं पीठ मळावं तसं जोर लावून. ओव्हनचं बटण १८० वर.

बाहेर आले ते सहा छोटे डोंगर. माथ्याला तडे गेलेले, बुडाला करपलेले, मधे कच्चट, आणि चवीला खारट. काकांनी एक संपवला. चहात बुडवून, पण संपवला. म्हणाले, "वास बरोबर हाय."

त्या एका वाक्यावर मी पुढचे सहा महिने काढले.

माझा अभ्यासाचा मुख्य विषय रसायनशास्त्र. त्याच आठवड्यात प्रॅक्टिकलला आम्हाला ब्युरेट, म्हणजे खाली तोटी असलेली मापाची काचनळी, हाताळायला शिकवलं. खाली फ्लास्कमध्ये आम्ल आणि रंग बदलून शेवट दाखवणाऱ्या फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब, वरून अल्कली सोडायचं. आधी धार चालते, पण शेवट जवळ आला की थेंब थेंब. एक थेंब जास्त पडला की फिकट गुलाबीचा गडद होतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. मॅडम टेबलाटेबलावरून फिरत एकच सांगत होत्या, की घाई करू नका आणि अंदाजाने घेऊ नका. मला घरचा खारट डोंगर आठवला. मी सगळं अंदाजानेच तर घेतलं होतं.

ग्रंथालयात पाककृतींच्या एका जुन्या पुस्तकात मला हवं ते सापडलं. पाउंड केकचा मूळ हिशोब: लोणी, साखर, अंडी, मैदा, चारही एकेक पाउंड, म्हणजे सारख्या वजनाचे. बारा नगांची कृती फोडत बसण्यापेक्षा एका अंड्यापासूनच सुरुवात का करू नये? कवच काढल्यावर अंडं साधारण ५० ग्रॅमचं भरतं. मग बटर ५०, साखर ५०, मैदा ५०. सगळं मिळून २०० ग्रॅम. एका कागदी कपात ५० ग्रॅम घातलं की चार. आणि घरात आम्ही चौघं.

ठाण्याला स्टेशनबाहेर पडून जांभळी नाक्याच्या बाजारात गेले आणि पहिल्या महिन्याच्या खर्चातून वाचलेल्या पैशांतून एक छोटा वजनकाटा घेतला. शंभर कागदी कप, बिनमिठाचं पांढरं बटर, पाव किलो मैदा. रात्री ओट्यावर वाटी ठेवून मी मैदा मोजत होते. ४८, ४९, ५१. चिमूटभर काढला. ५०. काका कामावरून येऊन दारात चप्पल काढत होते. त्यांच्या शर्टाला रोज वेगळा वास असतो, त्या दिवशी जिऱ्याचा होता. थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आगं, दिसभर पन्नास किलोची गोणी उचलतोय मी, आन् तू पन्नास ग्राम मोजत बसलीयास?"

पण ते चेष्टेने नव्हतं म्हटलं. जवळ आले, खुर्ची ओढून बसले आणि काटा कसा शून्यावर आणतात ते विचारलं. वजन हा त्यांच्या आयुष्यभराचा विषय. काट्यावर आधी रिकामं भांडं ठेवून ते वजा करतात, हे बघून म्हणाले, "हां, बारदान वजा." त्या दिवसापासून मीही त्याला बारदानच म्हणते.

काकूची अट लाइट बिलाची होती. ओव्हनच्या मागच्या पट्टीवर १२८० वॉट लिहिलेलं होतं. मी तिला कागदावर गणित मांडून दाखवलं. अर्धा तास सलग चालला तरी पाऊण युनिटही होत नाही, आणि मधे मधे तो आपोआप बंद-चालू होतो म्हणून त्याहून कमीच. काकूने कागद देवघराच्या कप्प्यात ठेवला आणि महिन्याचं बिल आल्यावर ताडून पाहिला. मग ओव्हनसाठी कायमची जागा झाली, मिक्सरच्या शेजारी.

आता एका अंड्याचे चार कसे होतात ते नीट सांगते, कारण माझ्यासारख्या कुणी हॉस्टेलात किंवा नातेवाइकांकडे छोट्या ओव्हनवर करत असतील तर त्यांना बारा-चोवीसची कृती काही कामाची नाही.

बटर आणि अंडं दोन्ही आधी फ्रिजबाहेर काढायचं. पुस्तकं म्हणतात तासभर, पण आपल्याकडच्या हवेत अर्ध्या तासात बटर बोटाने दाबलं की खळगा पडतो. तेवढं झालं की पुरे. तेलकट चकाकायला लागलं तर परत पाच मिनिटं फ्रिजमध्ये. मग बटर आणि पिठीसाखर फेटायची. इथे दमायचं नाही. पिवळसर रंग जाऊन पांढरट होतो, वजनाला हलकं वाटतं. साखरेच्या कणांबरोबर हवा आत कोंडली जाते आणि ओव्हनमध्ये फुगण्याची निम्मी तयारी इथेच होते. अंडं वाटीत फोडून, फेटून, चमच्याचमच्याने घालायचं. एकदम ओतलं की मिश्रण फाटतं, ताक फुटावं तसं दिसतं. मला ब्युरेटने हे शिकवलं. फाटलंच तर चमचाभर मैदा टाकला की सावरतं.

मैदा आणि सपाट अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर एकत्र चाळून घ्यायची. आणि इथून पुढे हात हलका. मैद्यात पाणी गेलं आणि घोटत बसलं की ग्लूटेन, म्हणजे पिठाला चिवटपणा देणारं जाळं, तयार होतं. चपातीला ते हवं असतं, कपकेकला नको. कोरडा मैदा दिसेनासा झाला की थांबायचं. शेवटी एक मोठा चमचा दूध आणि दोन वेलदोड्यांची पूड. कप दोन तृतीयांश भरायचे. काटा असेल तर प्रत्येकात सारखं वजन, म्हणजे चारही एकाच वेळी होतात.

ओव्हनबद्दल एक सांगते. बटणावर लिहिलेलं तापमान खरं धरू नका. माझे डोंगर होत होते, माथे फुटत होते, ते कशामुळे हे मला महिनाभर कळलं नाही. शेवटी आत ठेवायचा साधा थर्मामीटर आणला. बटण १८० वर आणि आत २१०! एवढ्या उष्णतेत वरचा थर लगेच धरतो, आतलं पीठ अजून फुगायचं असतं, मग ते माथा फोडून वर येतं. आता मी बटण दीडशेच्या जरा पुढे ठेवते, दहा मिनिटं आधी तापवते आणि मधल्या फळीवर १८ ते २० मिनिटं. पंधरा मिनिटांच्या आत दार उघडत नाही. एकदा चुलतभावाने "झाले का" म्हणून सातव्या मिनिटाला दार उघडलं आणि चारही मधे बसले, खळगे पडल्यासारखे. गार हवा आत शिरली आणि अजून न धरलेलं पीठ खाली आलं. तो बिचारा दिवसभर माझ्याशी बोलायला घाबरत होता. मी ते खळगे जॅमने भरले आणि आम्ही खाल्ले.

सोड्याची गोष्टही सांगायला हवी. बेकिंग पावडरचा डबा जुलैच्या हवेत दगड झाला होता. गरम पाण्यात चमचाभर टाकून पाहिली, बुडबुडेच येईनात. मग काकूच्या डब्यातला खायचा सोडा तेवढाच घेतला. कपकेक पिवळट झाले आणि जिभेवर साबणाची चव. दुसऱ्या दिवशी मी वहीत समीकरण लिहिलं. सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. त्याला आम्ल मिळालं तर कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि काम होतं. बेकिंग पावडरमध्ये ते आम्ल आधीच कोरडं मिसळलेलं असतं. नुसता सोडा तापवला तर वायू सुटतो, पण मागे सोडियम कार्बोनेट उरतं. तो आपला धुण्याचा सोडा. माझ्या जिभेने ते ओळखलं होतं, मला फक्त नाव माहीत नव्हतं. बारावीला हे समीकरण मी पाठ केलं होतं, मार्कही मिळाले होते. ते माझं झालं घणसोलीच्या ओट्यावर.

आणि त्याचा उपयोग लगेच झाला, कारण श्रावण लागला. काकूच्या घरात श्रावणभर अंडं येत नाही. मी म्हटलं, महिनाभर बंद. पण आम्ल हवं तर दही आहेच की! ८० ग्रॅम दही, ५० ग्रॅम साखर, सोडा पाव चमच्याच्या निम्मा. पाच मिनिटं झाकून ठेवलं की दही फुलून येतं, वर फेस धरतो. त्यात ३५ ग्रॅम तेल, मग ६० ग्रॅम मैदा आणि अर्ध्या चमच्याला थोडी कमी बेकिंग पावडर, चाळून. दही फार आंबट नको आणि फार पाणीदारही नको. हेही चारच होतात. बटरच्या कपकेकपेक्षा ओलसर राहतात, दुसऱ्या दिवशी जास्त छान लागतात. चवीत मला आजही अंड्याचेच आवडतात, पण दह्याचे बिघडत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण.

श्रावणातल्या पहिल्या शुक्रवारी मी ते चारही डब्यात घालून कॉलेजला नेले. कशासाठी ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. प्रॅक्टिकलच्या टेबलाला हजेरी क्रमांकाने आम्ही चौघी एकत्र आलो होतो. एक कळव्याची, एक डोंबिवलीची, एक ठाण्यातलीच कोपरीची आणि मी. महिनाभर शेजारी उभं राहून आम्ही "ब्युरेट दे", "रीडिंग किती आलं" याच्या पलीकडे बोललो नव्हतो. प्रॅक्टिकल संपल्यावर मी जिन्यात डबा उघडला आणि म्हटलं, "चारच हायेत. घ्या."

"हायेत" निघून गेलं तोंडून. डोंबिवलीचीने आधी विचारलं, अंडं आहे का. नाही म्हटल्यावर तिने कागद सोलला, अर्धा खाल्ला आणि उरलेला अर्धा परत कागदात गुंडाळायला लागली. आईला दाखवायचाय म्हणाली. आमच्यात अंडं चालत नाही, बाहेरचा केक घ्यायचा तर दहा वेळा विचारावं लागतं, आईने कधी असा खाल्लाच नसेल. कळव्याची पायरीवर माझ्या शेजारी बसली आणि तिने तिचा डबा उघडला. सुकटीची चटणी आणि भाकरी होती. "श्रावण पाळतेस का गं तू?" तिने विचारलं. मी नाही म्हटलं, काकू पाळते. मग तिने अर्धी भाकरी माझ्या डब्याच्या झाकणावर ठेवली.

त्या दिवसानंतर मी एकटीने डबा खाल्ला नाही.

सप्टेंबरात गणपतीची सुट्टी लागेपर्यंत आम्ही चौघींनी जर्नलं एकत्र पुरी केली होती. मला इंग्रजी लेक्चर भरभर लिहून घेता येत नव्हतं, ते कोपरीची लिहायची. तिला मोल काढायची गणितं जमत नव्हती, ती मी लोकल सुटेपर्यंत फलाटावर बसून समजावायची. गंमत म्हणजे तिला ते शेवटी कपकेकवरूनच समजलं. एका अंड्याला ५० ग्रॅम मैदा लागतो, तुझ्याकडे १२५ ग्रॅम मैदा आणि दोनच अंडी आहेत, तर किती होतील आणि काय उरेल? आठ होतील, मैदा उरेल. अंडी आधी संपतात, म्हणून इथे अंडी हाच लिमिटिंग रीएजंट. तिने वहीत आठ गोल काढले आणि खाली २५ ग्रॅम लिहिलं.

ऑक्टोबरमध्ये कळव्याचीचा वाढदिवस होता. मी पहिल्यांदाच वर बटरक्रीम घातलं, पांढरं, त्यावर डाळिंबाचे दाणे. सकाळी सहाला फार देखणं दिसत होतं. ऑक्टोबर हीट आणि नऊच्या सुमाराची लेडीज डब्यातली गर्दी यांच्यापुढे ते टिकलं नाही. ठाण्याला उतरून डबा उघडला तर चारही कपकेकांच्या डोक्यावरून क्रीम ओघळून डब्याच्या बुडाशी डाळिंबाच्या दाण्यांसकट साठलेलं. बटर साधारण ३२ ते ३५ अंशांदरम्यान वितळतं, आणि त्या डब्यात तेवढं तापमान सहज असणार. मला फलाटावरच रडू आलं. तिने मात्र बोटाने क्रीम पुसून खाल्लं आणि उरलेलं चौघींत वाटलं. पुढे मी गनाश करून पाहिलं. एक भाग क्रीम, दोन भाग डार्क चॉकलेट. क्रीम गरम करून चॉकलेटवर ओतायचं, दोन मिनिटं थांबायचं आणि मधून बाहेर असं ढवळायचं. रात्रभरात घट्ट बसतं आणि लोकलमध्येही बऱ्यापैकी टिकतं. पण खरं सांगू का, माझं मन वेलचीच्या साध्या कपकेकवरच आहे. वरून काही घातलं की आतलं कसं झालंय ते कुणी बघत नाही.

सेमिस्टरची परीक्षा, दिवाळी, गावाला आठ दिवस. नेमाप्रमाणे आईबरोबर बेकरीत नंबर लावला, चारोळ्या दाबल्या. आईला मी एका अंड्याचं सांगितलं. ती म्हणाली, "चार? आन् कुणी दारात आलं तर?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ते उत्तर शोधायच्या नादात डिसेंबरात मी एक चूक केली. कॉलेजच्या महोत्सवात आमच्या वर्गाचा खाऊचा स्टॉल होता आणि मी चाळीस कपकेक देईन म्हणून बसले. दहा अंड्यांचं मिश्रण एकदम कालवलं. ओव्हनमध्ये सहा सहा. पहिले सहा छान. दुसरे ठीक. पण पीठ ओलं झालं की बेकिंग पावडरचं काम सुरू होतं, आणि शेवटचे चार ओव्हनमध्ये जाईपर्यंत ते पीठ अडीच-तीन तास ओट्यावर बसलेलं. ते फुगलेच नाहीत. पहाटे दोनला काकू उठून माझ्याबरोबर ओट्यापाशी उभी राहिली, काही न बोलता भांडी घासत. स्टॉलवर सगळे विकले गेले. कुणी तक्रार केली नाही. पण कुठल्या रांगेत कुठले आहेत ते मला माहीत होतं, आणि त्या शेवटच्या रांगेतला कपकेक कुणी उचलला की मी मान वळवत होते. पुढच्या महोत्सवाला विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले.

जानेवारीत एका रात्री काका जेवताना म्हणाले, "टोळीतली माणसं विचारत्यात. तुमची पोरगी काय करती म्हनं. न्यायचे का एकदा?"

काकांची टोळी अकरा जणांची. मी मनात हिशोब केला. तीन अंडी, बारा कपकेक. पण आता तिन्ही एकदम कालवायची नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं. पहिल्या चारांचं मोजलं, फेटलं, भाजलं. ते ओव्हनमध्ये असताना दुसऱ्या चारांचं. मग तिसऱ्या. काटा तीन वेळा शून्यावर आणला. काका स्वयंपाकघराच्या दारात बसून होते, प्रत्येक वेळी "बारदान" म्हणत होते. शेवटचे चार बाहेर काढले तेव्हा साडेदहा वाजले होते. बाराही एका उंचीचे. अकरा काकांच्या डब्यात गेले, एक काकूने ताटलीत काढून देवापुढे ठेवायला घेतला, मग अंडं आठवलं, आणि तिने तो तिथेच उभ्या उभ्या खाल्ला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका आले. डबा धुऊन आणला होता. मी झाकण उघडलं. टोळीतल्या कुणाला तरी रिकामा डबा परत पाठवणं बरं वाटलं नसावं. आत कागदाच्या पुडीत वेलदोडे होते, हिरवे, टपोरे, पुडी सोडताच घरभर वास सुटेल असे. सगळ्यांनी मिळून विकत घेतलेत, काका म्हणाले, आणि हातपाय धुवायला गेले.

मी दोन वेलदोडे खलबत्त्यात टाकले आणि एक अंडं फ्रिजबाहेर काढून ठेवलं.